सौम्य बोलणाऱ्या सुपरवायझरच्या लाइनवर रिजेक्शन जास्त का दिसते?

नोंदवही (चाकण):

नमस्कार. चाकण औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागाचे काम पाहते. आमच्याकडे एकाच प्रकारचा भाग काढणाऱ्या दोन मशिनिंग लाइन आहेत. यंत्रे एकाच सुमारास घेतलेली आहेत, माल एकाच पुरवठादाराकडून येतो आणि दोन्हीकडे काही कायम कामगार, काही कंत्राटी आणि बाकी आयटीआय करून आलेली शिकाऊ मुले अशीच रचना आहे. फरक आहे तो सुपरवायझरांच्या वागण्यात. पहिल्या लाइनचे सुपरवायझर यंत्राची नस जाणणारे आहेत, परंतु चूक झाली की चार लोकांसमोर माणसाची लाज काढतात. दुसऱ्या लाइनचे सुपरवायझर वयाने लहान आहेत. ते प्रत्येकाला नावाने हाक मारतात, आवाज चढवत नाहीत आणि अडचण कळली की आधी स्वतः यंत्रापाशी जाऊन उभे राहतात.

अडचण अशी की दैनंदिन तक्त्यात दुसऱ्या लाइनचे रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून बाजूला काढलेला माल, सातत्याने जास्त दिसते आणि लाइन थांबल्याच्या नोंदीही तिथेच अधिक आहेत. त्यामुळे वरिष्ठांचे मत असे झाले आहे की गोड बोलून माल निघत नाही, आणि पहिल्या लाइनची शिस्त दुसरीकडेही आणावी. मला हे मनापासून पटत नाही, आणि त्यामागे डोळ्यांनी पाहिलेला एक प्रसंग आहे.

दुपारच्या पाळीत मी पहिल्या लाइनवर तपासणी करत होते. एका शिकाऊ मुलाने बोअरमध्ये, म्हणजे भागातल्या छिद्रात, माप तपासायचा गेज घातला आणि त्याची जी आत जायला नको ती नो-गो बाजू सरळ आत गेली, म्हणजे बोअर मोठा झाला होता आणि तो भाग वाया गेला होता. त्याने गेज पुसला, पुन्हा घालून पाहिला, एकदा सुपरवायझरांच्या टेबलाकडे नजर टाकली आणि तो भाग सदोष मालाच्या लाल बिनमध्ये न टाकता चांगल्या मालाच्या ट्रेमध्ये खालच्या थरात सरकवला. मी तो ट्रे बाजूला काढून पूर्ण तपासून घेतला, हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर काही दिवसांनी दुसऱ्या लाइनवर अगदी तसेच घडले, तेव्हा तिथल्या मुलाने यंत्र थांबवून हात वर केला. सुपरवायझर आले आणि म्हणाले, "बरं झालं लगेच सांगितलंस. हा इन्सर्ट बदलल्यापासून किती पीस निघालेत?" (इन्सर्ट म्हणजे यंत्रातले धातू कापणारे, बदलता येणारे टोक.) मग दोघांनी मिळून आधीचे भाग वेगळे काढले. त्या पाळीत लाइन थांबली आणि रिजेक्शनही वाढले, पण तो माल दाराबाहेर गेला नाही.

माझे प्रश्न असे आहेत. सौम्य बोलणे आणि पाठीशी उभे राहणारे नेतृत्व यांचा संघाच्या कामगिरीवर परिणाम होतो, याला काही ठोस अभ्यासाचा आधार आहे का? आणि तो परिणाम आमच्यासारख्या ठिकाणी आकड्यांत कसा दाखवता येईल? वरिष्ठांपुढे केवळ माणुसकीचा मुद्दा मांडून भागणार नाही, असे मला वाटते.

---

अभ्यासक_पुणे:

आपण जे पाहिले आहे, त्याच्याशी विलक्षण मिळतीजुळती एक गोष्ट व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासात नोंदलेली आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या विभागांत परिचारिका आणि प्रमुख यांचे संबंध चांगले आहेत तिथे चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. हाती आलेली माहिती मात्र नेमकी उलट होती: जे संघ चांगले मानले जात होते, तिथेच नोंदलेल्या चुका जास्त होत्या. अधिक खोलात गेल्यावर उलगडा झाला की या विभागांत चुका जास्त होत असतील असे मुळीच नाही, तिथे त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. हा शोधनिबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९९ मध्ये त्यांनी ऑफिसचे फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीतील ५१ संघांचा अभ्यास मांडला. 'इथे बोललो तर आपला पाणउतारा होणार नाही' असा विश्वास ज्या संघात असतो, तो संघ अधिक शिकतो, आणि त्या शिकण्यातून त्याची कामगिरी सुधारते, असे त्यात दिसले. प्रमुख सल्ला घेण्याजोगा असणे आणि संघाला लागणारी साधने व माहिती मिळणे, या दोन्हींचा या विश्वासाशी संबंध आढळला. गूगलने २०१२ च्या सुमारास आपल्या सुमारे १८० संघांची पाहणी सुरू केली, तेव्हा त्यांनाही हाच घटक सर्वांत महत्त्वाचा वाटला. संघात कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात हे अधिक मोलाचे ठरले.

आता आपल्या तक्त्याविषयी. रिजेक्शनचा आकडा म्हणजे तयार झालेल्या सदोष मालाचा आकडा, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. वास्तविक तो सापडलेल्या आणि सांगितलेल्या सदोष मालाचा आकडा असतो. दोन्ही लाइनवर दोष सारखेच निर्माण होत असतील, तर जिथे ते लपवले जात नाहीत तिथला आकडा मोठा दिसणारच. त्यामुळे दोष कुठे सापडला याप्रमाणे आकडे वेगळे करून पाहा: यंत्रावरच ऑपरेटरने पकडला, अंतिम तपासणीत सापडला, की ग्राहकाच्या दारात पोहोचून तक्रार आली. मालावर लाइनची खूण असेल तर हे काम अवघड नाही. माझा अंदाज असा आहे की दुसऱ्या लाइनचे दोष मुख्यतः पहिल्या टप्प्यावर सापडत असतील आणि पहिल्या लाइनचे नंतरच्या दोन टप्प्यांवर.

दुसरी गोष्ट म्हणजे एका घटनेमागे किती भाग अडकले, ते पाहावे. इन्सर्ट झिजल्यावर तिसऱ्याच भागाला कोणी हात वर केला तर तीन भाग तपासावे लागतात, पण पाळी संपेपर्यंत कोणी बोलले नाही तर सगळा ढीग चाळावा लागतो. यंत्र तेच आणि इन्सर्टही तोच असताना या दोन आकड्यांमधले अंतर बोलायला लागलेल्या वेळामुळे पडते, आणि तो वेळ भीती ठरवते. वरिष्ठांना ही भाषा समजेल, कारण ती रुपयांत मांडता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. दोनच लाइनची तुलना हा पुरावा म्हणून दुबळा आहे, कारण पाळी, ऑपरेटरचा अनुभव, कामाचा दाब असे कितीतरी घटक मध्ये येतात. म्हणून 'सौम्य बोलण्यामुळेच असे झाले' असे ठामपणे न म्हणता, 'या तक्त्यावरून दुसरी लाइन वाईट ठरत नाही' एवढेच आधी सिद्ध करावे. तेवढ्याने सध्याचा निर्णय तरी थांबेल.

---

अतिदक्षता:

मी पुण्यातील एका रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. या विषयावरचा एक अभ्यास आमच्याच क्षेत्रातला आहे, म्हणून लिहिते. इस्रायलमध्ये नवजात अतिदक्षता विभागांतील २४ संघांना एका कृत्रिम प्रसंगात काम करायला सांगितले होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची प्रकृती अचानक ढासळते आणि आतड्याचा गंभीर आजार ओळखून उपचार करायचे, असा तो प्रसंग होता. काही संघांना बाहेरदेशीच्या एका तज्ज्ञाने सौम्यसे अपमानकारक शेरे ऐकवले, तेही त्या संघाच्या कामाशी संबंध नसलेले. उरलेल्या संघांना तटस्थ वाक्ये ऐकवली. नंतर चित्रफिती पाहणाऱ्या परीक्षकांना कोणता संघ कोणत्या गटातला हे ठाऊक नव्हते. तरीही अपमान ऐकलेल्या संघांचे निदान आणि प्रत्यक्ष कौशल्य, दोन्ही खालच्या दर्जाचे ठरले. हा अभ्यास २०१५ साली 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला.

मला त्यातील कारणमीमांसा सर्वांत महत्त्वाची वाटते. अपमान ऐकल्यावर संघातील माणसे एकमेकांना माहिती कमी देऊ लागली आणि मदत कमी मागू लागली. हात तेच होते आणि शिक्षणही तेच, तरी त्या हातांमधली देवाणघेवाण मंदावली. आमच्याकडे पाळी बदलताना हे रोज दिसते. ज्या वरिष्ठ शंका विचारल्यावर चिडत नाहीत, त्यांना कनिष्ठ मुली "ताई, हा डोस पुन्हा एकदा बघता का?" असे सहज विचारतात. जिथे उत्तरादाखल "एवढंही येत नाही का?" ऐकावे लागते, तिथे ती मुलगी दुसऱ्या वेळी विचारत नाही, स्वतःच्या अंदाजाने पुढे जाते. आमच्या विभागात अंदाज चुकण्याची किंमत काय असते, हे सांगायची गरज नाही.

---

हिंजवडी_फेज_तीन:

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, तरीही मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे, कारण सॉफ्टवेअरच्या व्यवसायात मी उलट प्रकारचे नुकसान पाहिले आहे. आमच्याकडे कोणी कोणावर ओरडत नाही. प्रत्येक मेलची सुरुवात आणि शेवट अत्यंत सभ्य असतो. आणि तरीही प्रकल्प बुडतात, कारण त्या सभ्यतेत वाईट बातमीला जागाच नसते. साप्ताहिक आढाव्यात "थोडं काम बाकी आहे, होऊन जाईल" हे वाक्य सगळे जण आठवड्यामागून आठवडे ऐकतात, कोणी कोणाला दुखवत नाही, आणि ग्राहकाला द्यायची तारीख चार दिवसांवर आल्यावर कळते की मूळ रचनाच चुकली आहे.

विमानवाहतुकीच्या इतिहासात याचे फार दुःखद उदाहरण आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरील टेनेरिफ येथे दाट धुक्यात धावपट्टीवरच दोन जम्बो जेट विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या विमानातील फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती आणि त्याने ती बोलूनही दाखवली, परंतु प्रश्नाच्या रूपात: ते दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही का? कप्तानाने ते बाजूला झाल्याचे ठामपणे सांगितले आणि विमान धावत राहिले. तो कप्तान कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ आणि मानाचा वैमानिक होता. त्यानंतरच्या काळात, १९७९ मध्ये नासाने घेतलेल्या कार्यशाळेपासून, कॉकपिटमधील परस्परसंवादाचे प्रशिक्षण आकाराला आले. त्यात कनिष्ठांना स्पष्ट बोलायला शिकवतात आणि वरिष्ठांना ते ऐकून घ्यायला शिकवतात. माझ्या मते या प्रशिक्षणाचा दुसरा अर्धा भाग जास्त कठीण आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की सौम्य शब्द आणि स्पष्ट मजकूर या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. आपल्या दुसऱ्या लाइनच्या सुपरवायझरांनी त्या मुलाची पाठ थोपटली आणि त्याच दमात "किती पीस निघालेत?" हा अवघड प्रश्नही विचारला. त्यांनी केवळ पाठ थोपटून विषय सोडून दिला असता, तर आपल्या वरिष्ठांची शंका रास्त ठरली असती. आमच्या संघात मी आढाव्याचा पहिला प्रश्न बदलला आहे. "काम कुठवर आलं?" याऐवजी "काय अडलं आहे आणि मी त्यात काय करू शकतो?" असे विचारतो. सुरुवातीला सगळे गप्प बसत. पहिल्यांदा एका मुलीने अडचण सांगितली आणि ती मी खरोखर सोडवून दिली, त्यानंतरच्या बैठकीपासून इतरही बोलू लागले.

---

जुना_सेटर (भोसरी):

ताई, मी भोसरीच्या कारखान्यांत सेटर, म्हणजे कामासाठी यंत्र जुळवून देणारा, म्हणून लागलो आणि शॉप मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. अभ्यास वाचलेले लोक वर लिहून गेले आहेत. मी शॉपमधले सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे, कामगाराला गोड बोलण्यापेक्षा आपली अडचण सुटण्याची गरज जास्त असते. कूलंट (कापताना थंडावा देणारे द्रव) कमी येतो म्हणून ऑपरेटरने चार वेळा सांगितले आणि सुपरवायझरने चारही वेळा हसून "बघतो हं" म्हटले, तर पाचव्या वेळी तो सांगायचा नाही. त्या हसण्याचा त्याला रागच येईल. याउलट आमच्या वेळी काही फोरमन तोंडाने फटकळ होते, सगळ्यांना अरे-तुरे करत, पण मेंटेनन्सवाल्याला हाताला धरून यंत्रापाशी आणत, आणि पाळी संपल्यावर माणसाच्या घरची चौकशीही करत. त्यांच्यासाठी लोक जीव तोडून काम करत. त्यामुळे नुसत्या आवाजाच्या चढउतारावरून माणूस जोखू नये. सुपरवायझर आपल्या बाजूचा आहे की आपल्या विरुद्ध, हे कामगाराला आठवड्याभरात कळते. फटकळपणा आणि चारचौघांत लाज काढणे यांत मात्र मी फरक करतो. पहिले चालून जाते, दुसरे माणसाला कायमचे गप्प करते.

दुसरी गोष्ट लाइन थांबण्याची. टोयोटाच्या कारखान्यात कोणत्याही कामगाराला अडचण दिसली की दोरी ओढून इशारा देता येतो, आणि टीम लीडरने लगेच तिथे पोहोचायचे असते. ठरलेल्या जागेपर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. म्हणजे हा इशारा तिथे रोजच्या कामाचा भाग मानला आहे. आपल्याकडच्या अनेक कारखान्यांनी तसे दिवे आणि बटणे बसवून घेतली, परंतु बटण दाबणाऱ्याकडे सगळे रागाने पाहतात, म्हणून ते बटण धूळ खात पडते. आपल्या दुसऱ्या लाइनवर थांबण्याच्या नोंदी जास्त आहेत याचा अर्थ तिथले बटण चालू आहे, असा मी घेईन. फक्त एक पाहा: त्याच कारणासाठी लाइन पुन्हा पुन्हा थांबते आहे का? तसे असेल तर सुपरवायझर ऐकून घेतात पण मूळ दुरुस्ती होत नाही, आणि तो दोष बहुधा त्यांच्याही वरच्या कोणाचा असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. पहिल्या लाइनच्या त्या सुपरवायझरांना खलनायक ठरवू नका. सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांच्याशी कोण कसे बोलते, ते एकदा बारकाईने पाहा. मी पाहिलेल्या बहुतेक ओरडणाऱ्या सुपरवायझरांना रोज सकाळी कोणीतरी आधी ओरडलेले असायचे. प्लँट हेडने सगळ्यांसमोर कालच्या रिजेक्शनवरून झापले की तो माणूस शॉपमध्ये येऊन तेच पुढे देतो, आणि शेवटी ते त्या शिकाऊ मुलापाशी येऊन थांबते, कारण त्याच्या खाली कोणीच नसते. म्हणून बदल मीटिंगपासून सुरू करा. आकडा विचारताना सुपरवायझरलाही "काय मदत हवी?" असे विचारले गेले पाहिजे. आणि त्या गृहस्थांशी बोलायचे असेल तर त्यांच्या टेबलापाशी, एकट्याने बोला. ट्रेच्या तळाशी सापडलेला तो भाग त्यांच्यासमोर ठेवा, मुलाचे नाव सांगू नका, आणि विचारा की हा इथे कसा आला असेल. यंत्र जाणणारा माणूस आहे, तो विचार करेल. आपल्या लाइनवर आपल्याला न कळता काही होते आहे, ही गोष्ट अशा माणसाला सहन होत नाही.

---

नोंदवही (चाकण):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अभ्यासक_पुणे यांनी सुचवल्याप्रमाणे आमच्या मालावरील लाइनच्या खुणेवरून मागील तिमाहीच्या नोंदी वेगळ्या केल्या. ग्राहकाकडून परत आलेल्या मालात पहिल्या लाइनचा वाटा स्पष्टपणे मोठा आहे, आणि अंतिम तपासणीत सापडलेल्या दोषांतही तसेच चित्र आहे. दुसऱ्या लाइनचे दोष बहुतांशी यंत्रावरच पकडलेले आहेत. लाइन थांबण्याची कारणेही तपासली. त्यातले एक कारण, यंत्रावर भाग पकडून ठेवणाऱ्या फिक्श्चरचा क्लॅम्प सैल होण्याचे, वारंवार आले आहे, आणि त्याची मागणी खरेदी विभागात अडकून पडली आहे. म्हणजे जुना_सेटर यांचा अंदाज बरोबर निघाला.

पहिल्या लाइनच्या सुपरवायझरांशीही एकट्याने बोलले. त्यांनी तो भाग बराच वेळ हातात धरून पाहिला आणि म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही." मी म्हटले, "सर, तेच तर विचारायला आले आहे." त्यावर ते काही बोलले नाहीत, परंतु दुसऱ्या दिवशी पाळीच्या सुरुवातीला त्यांनी स्वतः लाल बिन उचलून यंत्रांच्या जवळ आणून ठेवले.

आता एक प्रश्न उरतो. आमचा मासिक प्रोत्साहन भत्ता लाइनच्या रिजेक्शनच्या आकड्यावर ठरतो, म्हणजे दोष लवकर सांगणाऱ्या लाइनच्या मुलांना पैसे कमी मिळतात. हे कसे बदलता येईल?

---

अभ्यासक_पुणे:

हा भत्ता आहे तसा राहिला तर सुपरवायझर कितीही समजूतदार असले तरी मुले हळूहळू गप्प होतील, कारण खरे बोलल्याबद्दल त्यांच्या खिशातून पैसे जात आहेत. संपूर्ण पद्धत बदलण्याचा प्रस्ताव मंजूर व्हायला वेळ लागेल, म्हणून सुरुवातीला एकच दुरुस्ती मागा: ऑपरेटरने स्वतः यंत्रावर पकडून लाल बिनमध्ये टाकलेला भाग भत्त्याच्या हिशेबातून वगळावा, आणि अंतिम तपासणीत किंवा ग्राहकाकडे सापडलेला दोष मात्र हिशेबात धरावा. निष्काळजीपणाला मोकळीक मिळू नये म्हणून यंत्रावर पकडलेल्या भागांचा आकडा वेगळ्या रकान्यात ठेवून त्याचा आढावा घेत राहावा, पण भत्त्याशी त्याचा संबंध जोडू नये.

---

जुना_सेटर (भोसरी):

आणि प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर तो क्लॅम्प मागा. तो आला की दुसऱ्या लाइनच्या मुलांना कळेल की आपण सांगितलेले वरपर्यंत जाते.